बिझनेस लेटर शिकायला गेले नि नावावर कर्ज झालं

सांगलीत आमचं हळद-मसाल्याचं छोटं युनिट आहे. माल चांगला जातो, पण लिहायची वेळ आली की पंचाईत. पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांनी कोटेशन मागितलं तर मी नुसता किलोचा दर लिहून पाठवला, जीएसटी धरून की वेगळा, गाडीभाडं कोणाचं, काहीच नाही, मग बिलावरून वाद झाला नि गिऱ्हाईक तुटलं. ते फार लागलं मनाला. त्याच आठवड्यात जाहिरात दिसली, छोट्या उद्योजकांसाठी लेखन आणि कम्युनिकेशन, ९९ रुपयांत वेबिनार.

शेवटच्या अर्ध्या तासात सांगितलं की ६०,००० चा कोर्स आज रात्री १२ पर्यंत ३६,००० ला. एवढे नाहीत म्हटलं तर लगेच एका मॅडमचा फोन, ताई महिन्याला फक्त ३,०००, बारा हप्ते, व्याज नाही, आवडलं नाही तर महिन्याभरात सोडा. आधार, पॅन, सेल्फी घेतला, ओटीपी आला तो मी फोनवरच सांगितला. कर्ज हा शब्द त्या एकदाही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एका फायनान्स कंपनीचा मेसेज आला तेव्हा कळलं की लोन माझ्या नावावर झालंय, क्लासवाल्यांना सगळे पैसे आधीच पोचलेत आणि हप्ते मला कंपनीला द्यायचेत, म्हणजे क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच!

लाईव्ह क्लास दोनच झाले. पुढे जुने व्हिडिओ आणि इंग्रजी पत्रांचे तयार नमुने. मला हवं होतं की उधारी थकवलेल्या दुकानदाराला संबंध न बिघडवता कसं लिहायचं, ते कुठेच नाही. स्वतः लिहिलेलं पत्र तपासायला तीनदा पाठवलं, उत्तर नाही. पैसे परत मागितले तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं असं करून टाकलं.

मी रागाने व्हॉइस मेसेज पाठवत राहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेजारचे काका बँकेतून रिटायर झालेत, ते म्हणाले, "बोललेलं राहतं का बाई, कागदावर आण." मग त्यांनी समोर बसवून एक पान मराठीत लिहून घेतलं. कोणत्या तारखेला फोन आला, काय कबूल केलं, काय मिळालं, किती रुपये परत पाहिजेत नि किती दिवसांत. शिव्याशाप नाहीत, रडगाणं नाही, सोबत स्क्रीनशॉट. तोच मेल क्लासवाल्यांना नि फायनान्स कंपनीला टाकला, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. दीड महिन्याने १८,००० परत आले, उरलेले नाहीत.

हे मला आधी माहीत असतं तर! ओटीपी देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देताना ते द्यावंच लागतं, त्यात एकूण खर्च एका जागी दिसतो. अ‍ॅपवरच्या कर्जात सुरुवातीला किमान एक दिवसाची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल नि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही. आणि "महिन्याभरात सोडा" वगैरे जे कोणी फोनवर बोलेल ते आधी मेलवर लिहून मागा, लिहून देत नसतील तर फोन ठेवा.

कोटेशन आता मीच लिहिते, मराठीत, काकांच्या त्या पानासारखं. माल, वजन, दर, जीएसटी, भाडं, पैसे कोणत्या तारखेपर्यंत. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडू नये म्हणून हप्ते भरतेय, अजून पाच बाकी आहेत.