लॅब्रडॉर पाळायचाय? आधी त्याची भूक समजून घ्या

मैना, आमची काळी लॅब्रडॉर, दोन महिन्यांची असताना घरी आली. आता ती वर्षाची होत आली आहे. घरात मुलं असतील तर 'लॅब्रडॉरच घ्या' असं जो तो सांगतो. इतके महिने सोबत काढल्यावर मीही तेच सांगेन, फक्त या जातीची भूक आधी समजून घ्या. तिचं पटकन शिकणं, तिच्या खोड्या, तिची तब्येत, सगळ्याची गाठ शेवटी भुकेशीच येऊन पडते.

ही भूक साधी नाही. वाडग्यात खाणं ओतून हात मागे घेईपर्यंत निम्मं संपलेलं असायचं. चावणं नाहीच, नुसतं गिळणं, आणि मग ठसका. आत उंचवटे असलेलं वाडगं आणलं, तेव्हा कुठे ती जिभेने एकेक दाणा काढून खायला लागली. जेवण झाल्यावर थोड्याच वेळात ती अशी डोळ्यांत डोळे घालून बघते, की पाहुण्यांना खरंच वाटतं हिला सकाळपासून काही दिलेलं नाही.

हा हावरटपणा लाडाने आलेला नाही. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये 'पीओएमसी' या जनुकाचा छोटासा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अंध किंवा अपंग माणसांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रडॉरमध्ये हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त निघालं. खाऊसाठी वाटेल ते करायची तयारी असलेलं कुत्रं लवकर शिकतं, हे त्यामागचं कारण असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. मला तो मनापासून पटतो. 'बस', 'थांब', 'ये' हे मैना भराभर शिकली, तेही तिच्या रोजच्या खाण्यातल्याच दाण्यांवर. वेगळा खाऊ लागलाच नाही. सकाळच्या वाट्यातले मूठभर दाणे खिशात ठेवायचे आणि दिवसभर कामाला लावायचे, ही सवय मी प्रत्येकाला सुचवीन.

याची दुसरी बाजू म्हणजे वजन. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्रडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हे वाचल्यापासून आमच्या घरी मैनाचं खाणं काट्यावर मोजून दिलं जातं आणि 'एक तुकडा दे ना तिला' हे वाक्य बंद झालं आहे. वजनकाट्यापेक्षाही हाताची परीक्षा सोपी. स्वतःचा पंजा सपाट धरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. हाडं दिसत नाहीत, पण हलक्या स्पर्शाला कळतात. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर कुत्रं बारीक, आणि तळहातासारखं मऊ लागलं तर खाणं कमी करायची वेळ झाली.

भुकेखालोखाल तोंड. या जातीचे पूर्वज आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करायचे. पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेले पक्षी न चिरडता आणून देण्यासाठी ही जात घडवली गेली, आणि 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिला मान्यता दिली. तो वारसा आमच्या दिवाणखान्यात रोज दिसतो. घरात कोणीही आलं की मैना आधी तोंडात धरायला काहीतरी शोधते आणि मगच शेपटी हलवत पुढे येते. टीव्हीचा रिमोट तिच्या तोंडातून लाळेने चिंब होऊन परत येतो, पण त्यावर दाताची खूण नसते. अर्थात हे आताचं. दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येईपर्यंत टेबलाचे पाय, चपला, आमची मनगटं, काहीच सुटलं नव्हतं. 'सोड' ही आज्ञा सगळ्यात आधी शिकवा आणि वस्तू सोडली की लगेच दाणा द्या. मोजे आणि छोटी खेळणी मात्र उचलूनच ठेवा. ही कुत्री ते सरळ गिळतात आणि आतड्यात अडकलं की शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते.

मुलांशी वागणं? अप्रतिम. शेजारचं रांगतं बाळ कान ओढतं तेव्हा ती मान वळवून उठून जाते. पण ते 'उठून जाणं' म्हणजे 'पुरे आता' असं सांगणं आहे, हे मोठ्यांनी ओळखायला हवं. कितीही गुणी कुत्रं असलं तरी लहान मुलाजवळ त्याला एकटं सोडू नये. शिवाय पंचवीस-तीस किलोंचं कुत्रं आनंदाने धावत आलं की लहान मूल आडवं होतंच, आणि ती जाड शेपटी बसक्या टेबलावरचे कप एका झटक्यात झाडून नेते.

आखूड केस म्हणजे गळणार नाहीत, ही समजूत आजच सोडा. अंगावर दोन थर असतात. आतला मऊ थर ऋतू बदलताना गोळ्यांनी निघतो. रोज ब्रश, दुसरा उपाय नाही. पाण्यात खेळून आल्यावर कान कोरडे करा, लोंबत्या कानांत ओल राहिली की संसर्ग होतो.

घर राखण्यासाठी कुत्रं हवं असेल तर दुसरी जात बघा. मैना बेल वाजली की भुंकते आणि दार उघडलं की अनोळखी माणसाच्या पायाशी लोळण घेते. तिला माणूस लागतो. दिवसभर रिकाम्या घरात ठेवलेला लॅब्रडॉर घर कुरतडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

रंगावर फार वेळ घालवू नका. काळा, पिवळा, चॉकलेटी हे तिन्ही रंग एकाच वेतात निघू शकतात. त्यापेक्षा पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचण्यांचे कागद मागा. आम्ही मागितले होते. जो दाखवायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. आणि पिल्लांची आई प्रत्यक्ष बघा. अनोळखी माणूस पिल्लांजवळ गेल्यावर ती कशी वागते, त्यावरून पिल्लाच्या स्वभावाचा बराच अंदाज येतो.