आईच्या घरचे मोशन सेन्सर: नऊ महिने आणि तीन सेलनंतर

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला ॲपने ठणाणा केला: ‘8 तास हालचाल नाही.’ मी ठाण्यात, आई कोथरूडला एकटी, वय 79. फोन उचलेना. शेजारच्या काकांना उठवलं, ते बिचारे बनियनवरच धावले. आईने दार उघडलं ते तोंडात ब्रश घेऊन. पॅसेजमधल्या सेन्सरचा सेल संपला होता, बस्स.

आदल्या रात्री त्याच सेलची बॅटरी ॲपमध्ये 78 टक्के दिसत होती. म्हणून आधी सेलचंच बोलते. सीआर 2032, लिथियमचा, 3 व्होल्टचा. याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग धाडकन पडतं. ॲप व्होल्टेजवरून टक्के काढत असेल, तर त्या आकड्यावर विसंबण्यात अर्थच नाही. कंपनी म्हणते सेल दोन वर्षं टिकतो. टिकत असेल, ज्या खोलीत कोणी फिरकत नाही तिथे! आई दिवसभर पॅसेजमधून ये-जा करते आणि दर वेळी सेन्सर हबला (सगळ्या सेन्सरचे निरोप ॲपपर्यंत पोचवणाऱ्या डबीला) निरोप धाडतो. या एका सेन्सरने दिवाळीपासून तीन सेल खाल्ले. पहिले दोन दिवसाढवळ्या गेले, तेव्हा फोनवर भागलं. कस्टमर केअरवाला म्हणे, ‘आमचाच सेल वापरा’, किंमत 180 रुपये. तापकीर गल्लीत पाचांचं पाकीट 150 ला मिळालं.

हे घेतले तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की कॅमेरा नको, सेन्सरच घ्या. त्यात चेहरा नाही, आवाज नाही, अंगाची ऊब हलली की फक्त नोंद होते. आता तेवढ्या छातीठोकपणे नाही सांगणार. डिसेंबरात मी सहज विचारलं, ‘काल रात्री चारदा उठलीस का गं?’ पलीकडे शांतता. मग, ‘तू मोजतेस?’ दुसऱ्या दिवशी बाथरूमबाहेरच्या सेन्सरवर पंचा टाकलेला. पण त्याच आठवड्यात लघवी तपासून घेतली तर इन्फेक्शन निघालं. मोजलं म्हणून आई दुखावली, आणि मोजलं म्हणूनच ते वेळेत कळलं. यातलं एकच कसं घेणार?

दाराच्या सेन्सरचं त्याहून वाईट झालं. कामाच्या मावशी दहाऐवजी पावणेअकराला येतात, हे मी ॲपमध्ये बघून आईला बोलले. ‘ती लेकाला शाळेत सोडून येते, आमचं ठरलंय तसं. तिची हजेरी घ्यायला बसवलंयस का हे?’ मावशींना तर त्या दारावर काय चिकटवलंय हेच माहीत नव्हतं. मी कायदाही बघितला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलाय. म्हणजे संमतीची भानगड कंपनीच्या गळ्यात, लेक मोकळी. वाचून हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आता ॲप आईच्या फोनवरही आहे. दाराचा सेन्सर काढला (सोबत रंगाचा पोपडाही आला, टेप जबरदस्त आहे). बाथरूमबाहेरचा ठेवलाय, तिच्या अटीवर: रात्रीचे आकडे मी आपणहून काढायचे नाहीत, पाहुणे असतील तेव्हा पंचा टाकायचा.

पाचपैकी तीन तारे. एक त्या 78 टक्क्यांसाठी कापला, दुसरा 180 रुपयांसाठी.

आता टक्के बघायचेच नाहीत, दर दोन महिन्यांनी सेल बदलायचा. तारीख आई कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. परवा बेडरूमचाही बदलला, चांगला चालू असताना. काढलेला तिने फेकू दिला नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात घातला. काल त्यावर पाव किलो रवा मोजून लाडू केलेत.