कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’: बरेच महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगच्या १९७१च्या अल्बमबद्दल दोन दिवसांत मत देण्याची घाई कुणालाच नसते. म्हणून पावसाळ्यात सुरू केलेला हा अल्बम आंब्याच्या दिवसांपर्यंत ऐकत राहिले आणि आता लिहितेय. आधी लोकलमध्ये फोनवर ऐकायचे. दिवाळीनंतर नव्याने छापलेली रेकॉर्ड घेतली, तेव्हापासून घरी लावते, बहुतेक रात्री, ओटा आवरून झाला की. १२ गाणी आहेत, सगळी मिळून पाऊण तासाच्या आत संपतात.

निकाल आधीच सांगते: टिकला. सगळा नाही. तीन गाणी आता सुई उचलून पुढे नेते. पण उरलेल्यांतली काही इतक्या वेळा ऐकूनही झिजली नाहीत, आणि का झिजली नाहीत हे शोधताना माझी या अल्बमबद्दलची ऐकीव समजूत बदलली.

समजूत अशी की हा अल्बम म्हणजे बाईने उघडी केलेली डायरी. त्याबद्दल बोलताना ‘प्रामाणिक’ हा शब्द हटकून येतो. गंमत म्हणजे यातली सगळ्यांत प्रामाणिक वाटणारी गाणी घेतली, तर त्यांचे शब्द कॅरोल किंगचे नाहीतच. ‘इट्स टू लेट’ गीतकार टोनी स्टर्नने लिहिलंय. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ आणि ‘अ नॅचरल वुमन’चे शब्द जेरी गॉफिनचे, म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याचे, आणि अल्बमच्या वेळी त्यांचा काडीमोड झालेला होता. त्यातलं ‘नॅचरल वुमन’ तर १९६७मध्ये अरीथा फ्रँकलिन या सोल गायिकेसाठी केलेलं. भावगीतांवर वाढलेल्या आपल्या कानाला यात वावगं काही वाटत नाही. कवी एक, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, आणि तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. गाणाऱ्याने ते भोगलंय का, असं आपण कधी विचारलं नाही. इंग्रजी पॉपच्या चाहत्यांना मात्र गाण्यामागचा खरा प्रियकर कोण हे शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही.

‘इट्स टू लेट’ हे मोडलेल्या नात्याचं गाणं, पण त्यात कुणालाही शिव्याशाप नाहीत. सकाळभर अंथरुणात लोळून वेळ काढलाय, काहीतरी बिनसलंय हे दोघांनाही कळतंय. दोघांपैकी एक बदलतोय, की आपण प्रयत्नच सोडून दिलाय? उत्तर ती देत नाही. दोष कुणाचा हे ठरवलं असतं तर गाणं एका बाजूचं झालं असतं आणि दुसऱ्या बाजूला उभा असलेला माणूस ते ऐकताना बाहेर राहिला असता. चालीतही तेच आहे. कडव्यात मायनरच्या उदास छटेत दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बराच वेळ आलटून पालटून येतात, कुठेच जाणार नसल्यासारखे. धृपद आलं की एकदम मेजरचा मऊ उजेड पडतो, आणि नेमके तिथेच ‘आता उशीर झाला’ हे शब्द. रडवायचं असतं तर हे उलट केलं असतं. मधे डॅनी कॉर्चमारची गिटार आणि कर्टिस एमीचा सोप्रानो सॅक्सोफोन बराच वेळ वाजत राहतात. आधी तो भाग मला लांबलेला वाटायचा. आता वाटतं, दोघं बोलायचे थांबलेत, तेवढी जागा त्यांना दिलीय. हे गाणं पहिल्या बाजूचं तिसरं. केवळ ते पुन्हा ऐकायला रेकॉर्ड न उलटता परत पहिल्यापासून लावल्याचं बऱ्याचदा घडलंय.

दुसऱ्या बाजूवरचं ‘विल यू लव्ह मी टुमारो’ मात्र समजायला इतिहास माहीत हवा. १९६०मध्ये किंग १८ वर्षांची, गॉफिन दिवसा रसायनांच्या नोकरीत, घरात काही महिन्यांची मुलगी लुईस. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या ऑल्डन म्युझिक या गाणी पुरवणाऱ्या कंपनीकडे इतरांसाठी गाणी लिहून देणारं हे जोडपं. शिरेल्स या मुलींच्या गटाने हे गाणं गायलं आणि जानेवारी १९६१मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यांची लय खेळकर आहे, मागे व्हायोलिनं उसळतात. आजची रात्र झाली, उद्याही प्रेम राहील का, असं एक मुलगी विचारतेय आणि उत्तर ‘हो’ येईल अशी तिला आशा आहे.

दहा-अकरा वर्षांनी किंग तेच गाणं स्वतः गाते तेव्हा लय पार उतरवते. मागे जोनी मिचेल आणि जेम्स टेलर हे तिच्यासारखेच गायक-गीतकार हळू आवाजात साथ देतात. शब्द तेच, लिहिणारा तोच, पण त्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळून चुकलंय. अल्बमभर बहुतेक गाण्यांत बास वाजवतोय चार्ल्स लार्की, तिचा दुसरा नवरा. यातलं काहीही ती गाण्यात सांगत नाही. शब्दांना जवळजवळ हात लावत नाही, गळा दाटून आल्याचं नाटकही नाही. ज्या ओळीवर शिरेल्स पुढे धावतात तिथे ती थांबते, बस. कालातीत की काय म्हणतात ते माझ्या मते इथे आहे: गाणं इतकं मोकळं विणलेलं की त्यात वय वाढायला जागा राहिली.

आता आवाजाविषयी. निर्माता लू अ‍ॅडलर पूर्वी ऑल्डनचं पश्चिम किनाऱ्यावरचं काम बघायचा, त्यामुळे किंगचे डेमो त्याने भरपूर ऐकलेले होते. दुसऱ्या गायकांना चाल कळावी म्हणून तिने पियानोवर बसून गायलेल्या त्या कच्च्या प्रती. अल्बममध्ये त्याला तोच पोत हवा होता. हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत साधारण तीन आठवड्यांत काम उरकलं. पियानो पुढे, आवाज त्याच्या शेजारी, बाकी सगळं मागे सरकून. तिचा गळा मोठा नाही, वर गेला की किंचित खरखरतो. ‘नॅचरल वुमन’मध्ये अरीथाशी बरोबरी करायला गेली असती तर हसं झालं असतं. ती पियानोवर जवळजवळ एकटीच गाते, आणि अरीथाकडे जो सोहळा होता तो इथे घरातल्या घरात कबूल केल्यासारखा होतो. चांगल्या हेडफोनवर पियानोचे खालचे सूर छान घुमतात. लोकलमध्ये मात्र हा अल्बम ऐकू नये, अर्धा तिथेच सांडतो.

न टिकलेलं: ‘स्मॅकवॉटर जॅक’ ही बंदूकवाल्याची गोष्ट मला पहिल्या दिवशीही उपरी वाटली. ‘ब्युटिफुल’ सकाळी हसत उठायला सांगतं. वाईट नाही, पण सल्ला देणारं गाणं लवकर जुनं होतं. ‘व्हेअर यू लीड’चं दुखणं वेगळं. तू नेशील तिथे मी येईन, असं बाईने पुरुषाला म्हणणं स्त्रीमुक्तीच्या काळात खुद्द किंगलाच खटकू लागलं आणि तिने ते गाणं सोडून दिलं. २०००मध्ये ‘गिलमोर गर्ल्स’ या अमेरिकन टीव्ही मालिकेसाठी शब्द थोडे फिरवून ते आई-मुलीचं झालं आणि गायल्या किंग आणि लुईस, १९६०मधलं ते तान्हं बाळ. तेव्हा ते मला आवडलं. अल्बमवरचं अजूनही पटत नाही.

‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’बद्दल मत देणं कठीण. गाणं उत्तमच आहे, पण इतक्या समारंभांत वाजलंय की मूळ ऐकताना निरोपसमारंभाचा हार गळ्यात पडल्यासारखं होतं. काही दिवस बाजूला ठेवून ऐकलं की बरं वाटतं.

रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी: मला मिळालेली पहिली प्रत दुसऱ्या बाजूला खरखरायची, दुकानदाराने बदलून दिली, त्यामुळे घेताना लावून बघा. कव्हर मोठ्या आकारात बघण्यासारखं आहे, लॉस एंजेलिसमधल्या लॉरेल कॅनियनच्या घरातली खिडकी, अनवाणी किंग, पुढ्यात मांजर. निव्वळ गाणीच हवी असतील तर फोनवर भागतं. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर शिरेल्सचं १९६०चं गाणं आधी लावा, आणि लगेच दुसऱ्या बाजूचं तिसरं. ती उतरलेली लय तुम्हाला रटाळ वाटली, तर रेकॉर्डवर पैसे घालवू नका.