नमपॅडचा एंटर टिकवणारा कीबोर्ड सापडला (एकदाचा)

दोन वर्षांत तीन कीबोर्ड गेले माझे, तिन्ही पाचशे-सहाशेवाले आणि तिन्ही मेले एकाच जागी, नमपॅडचा (उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांचा) एंटर. मी कळव्यात घरून चार-पाच दुकानांची अकाउंट्स बघते, दिवसभर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), म्हणजे आकडा एंटर आकडा एंटर, त्यात थ्री-बीची (जीएसटीच्या मासिक रिटर्नची) 20 तारीख जवळ आली की विचारूच नका. या स्वस्तवाल्यांच्या आत रबराचे छोटे घुमट असतात, ते मऊ पडले की बटण खाली जातं पण आकडा काही उमटत नाही.

मग ठरवलं मेकॅनिकलच घ्यायचा, म्हणजे रबराऐवजी स्प्रिंगवाला. ठाण्यात गोखले रोडजवळ एका दुकानात विचारलं तर त्या मुलाने सात रंगांचे दिवे लागणारा काढला, छान होता, पण नमपॅडच नाही! म्हटलं दादा मला गेम नाही खेळायचाय, रिटर्न भरायचंय. "मग वरच्या ओळीतून टाका ना मॅडम." आले परत.

उत्तर मिळालं नौपाड्यात बँकेच्या लाईनीत. काउंटरवर एक कळकट कीबोर्ड, पण अक्षरं शाबूत आणि खाड खाड चाललेला. विचारलं तर आतले काका म्हणाले, आमच्या दोन साहेबांच्या बदल्या झाल्या, हा इथेच आहे. टीव्हीएस गोल्ड! लहानपणापासून बघतोय की आपण हा, सुचलाच नाही.

माझ्यावाला त्यातलाच गोल्ड भारत मॉडेलचा, पडला तीन हजारांच्या आसपास. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगवाला स्विच, ब्लू प्रकारचा, म्हणजे अर्ध्यात टक्क होतं आणि तिथेच आकडा उमटतो, पार तळापर्यंत दाबायची गरज नाही. ही सवय लागायला मला आठवडा लागला, आधी मी ठोकतच होते. असे स्विच 5 कोटी वेळा दाबले तरी चालतात असं कंपन्या सांगतात, मी हिशोबवाली बाई, लगेच मांडला: दिवसाला 5 हजार एंटर धरले तरी 10 हजार दिवस, 27 वर्षं. निम्मी धरा हवं तर. वरचे कॅप उपटून निघतात, ब्रशने धूळ काढता येते. रुपयाची खूण 4 च्या बटणावर आहे. दिवेबिवे काही नाहीत, आणि टेबलावर जागा मात्र भरपूर खातो.

आवाज? आहे बाबा, ब्लू स्विच म्हटल्यावर असणारच, मीटिंगमध्ये असाल तर माईक बंद ठेवूनच टाईप करा. पहिल्याच रात्री सासूबाई आतून, "काय गं, पोहे कांडतेस का?" आता खाली जुना नॅपकिन घडी करून घातलाय. आवाज जरा बसलाय, तक्रार नाही बसली.