स्ट्राइप रडार (फ्रॉड टीम्सवालं) : छोट्या फराळवाल्यांनी घ्यावं का?

आमचं न्यू जर्सीत एडिसनला छोटं ऑनलाइन दुकान आहे, चकली, शेव, अनारसे, भाजणी, गोडा मसाला असं सगळं अख्ख्या अमेरिकेत कुरियरने पाठवतो आणि कार्डाचं पेमेंट स्ट्राइप या ऑनलाइन सेवेवर घेतो. रडार म्हणजे स्ट्राइपचं फसवी पेमेंट पकडणारं साधन. साधं रडार त्यासोबत येतंच, पण कुठलं पेमेंट अडवायचं याचे स्वतःचे रूल लिहायचे तर ‘रडार फॉर फ्रॉड टीम्स’ हे वरचं व्हर्जन घ्यावं लागतं, साध्या दराच्या अकाउंटला तपासलेल्या दर व्यवहारामागे 2 सेंट जास्त. घ्या, माझं स्पष्ट मत आहे. एक चार्जबॅक आला, म्हणजे कार्डवाल्याने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले, की रक्कम जाते, माल जातो आणि वर 15 डॉलर फी, त्यापुढे 2 सेंट काहीच नाहीत.

आता मुद्द्याचं. रडार प्रत्येक पेमेंटला 0 ते 99 रिस्क स्कोर देतं आणि 75 किंवा वर गेलं की आपोआप ब्लॉक करतं, साध्यामध्ये हा आकडा दिसत नाही, यात दिसतो आणि मर्यादा बदलता पण येते. नवीन माणूस पहिला रूल कुठला लावतो तर कार्ड एका देशाचं आणि डिलिव्हरी दुसऱ्या देशात असेल तर ब्लॉक. सगळीकडे हाच सल्ला मिळतो आणि आपल्या धंद्यात तो साफ चुकीचा आहे, कारण पुण्यातली आत्या स्वतःच्या कार्डाने डॅलसमधल्या भाच्याला फराळ पाठवते ती नेमकी यातच अडकते! कार्ड भारतातलं, आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) भारतातला, पत्ता टेक्सासचा, आणि बाई शंभर टक्के खरी.

म्हणूनच मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रूल चालू करायच्या आधी तो मागच्या सहा महिन्यांच्या पेमेंटवर लावून बघता येतो. किती पेमेंट अडली असती, त्यातली खरोखर फ्रॉडची किती आणि चांगली किती, सगळं समोर येतं. यादी उघडून नावं वाचा. ओळखीची आडनावं दिसायला लागली की समजायचं हा रूल आपल्याच गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणार आहे. हे बघितल्याशिवाय एकही ब्लॉक रूल लावू नका, हात जोडून सांगतो.

भारतीय कार्डांसाठी मी ब्लॉकऐवजी थ्रीडी सिक्युअर, म्हणजे बँकेकडून कार्डवाल्याची खात्री, मागणारा रूल ठेवलाय. आत्याला ओटीपी येतो, तिला त्याची सवयच आहे, आणि व्हेरिफिकेशन नीट झालं तर फ्रॉडच्या चार्जबॅकची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. अमेरिकन कार्डांना मात्र सरसकट लावू नका, इथे ते सक्तीचं नाही आणि मध्येच बँकेची खिडकी उघडली की लोक घाबरून कार्ट तशीच सोडून जातात.

कार्ड टेस्टिंगसाठी तर हे पाहिजेच. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, चोराकडे चोरलेल्या कार्डांची यादी असते आणि कुठलं चालतं ते बघायला तो तुमच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू उचलतो. आमच्याकडे शेवेचं छोटं पाकीट. रात्री डॅशबोर्ड उघडला तर खाली खाली डिक्लाइनच डिक्लाइन (बँकेने नाकारलेली पेमेंट), दर वेळी वेगळं कार्ड, ईमेल म्हणजे कशीही जोडलेली अक्षरं, आणि आयपी सगळीकडे तोच. एका आयपीवरून तासाभरात ठरावीक डिक्लाइन झाले की ब्लॉक, या एका रूलने ते थांबतं. पण आकडा अगदी खाली ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे भारतात नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार आधीपासून बंद असतात, ते ग्राहकाला स्वतः चालू करावे लागतात, त्यामुळे आत्याचं पेमेंट पहिल्यांदा फेल जातं, ती परत करते, मग काकांचं कार्ड घेते, आणि एवढ्यात तुमच्या रूलने तिला चोर ठरवलेलं असतं.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. रिव्ह्यू रूल म्हणजे पेमेंट थांबवणं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, पैसे कापले जातातच, फक्त पेमेंट तुमच्या तपासायच्या यादीत जातं. म्हणून पॅकिंगला बसायच्या आधी ती यादी बघायलाच हवी, आणि मग रिफंड करावा लागला तर प्रोसेसिंग फी आपल्याला परत मिळत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या साइटने डिलिव्हरीचा पत्ता किंवा ईमेल पुढे पाठवलाच नसेल तर त्यावर लिहिलेला रूल गप्प पडून राहतो, लागूच होत नाही, आणि तुम्हाला वाटत राहतं की बंदोबस्त झालाय. डेव्हलपरला पहिल्या दिवशी हेच विचारा. आणि माल मिळूनही मिळाला नाही म्हणणाऱ्या ग्राहकापुढे कुठलाच रूल चालत नाही, तिथे कुरियरचं ट्रॅकिंग जपून ठेवणं हाच उपाय.

दिवाळीच्या आधी एक काम आठवणीने करा. एरवी एका कार्डावर दिवसात चार ऑर्डर म्हणजे संशय, पण दिवाळीत एकच माणूस सहा घरी डबे पाठवतो, त्यामुळे ती मर्यादा तेवढ्यापुरती वाढवावी लागते. ‘जुना ग्राहक’ अशी खूण साइटवरून पेमेंटच्या मेटाडेटात (सोबत जाणाऱ्या जादा माहितीत) पाठवली तर त्यावर अलाउ रूल, म्हणजे पेमेंट जाऊ द्यायचा रूल, लिहिता येतो, तो जास्त बरा पडतो. फक्त अलाउ रूल ब्लॉकच्या वरचढ असतो, एकदा लागू झाला की ब्लॉक रूल बघितलेच जात नाहीत, आणि उद्या त्या जुन्या ग्राहकाचं अकाउंट कोणाच्या हाती लागलं तर सगळं मोकळं. म्हणून त्यात रिस्क स्कोर 65 च्या खाली असेल तरच, ही अट जोडून ठेवा.