कापराचा वास आला होता, तरी मी फसलो

आजोबांच्या धोकटीतला वस्तरा दोन वर्षांपूर्वी मी बाहेर काढला. पात्यावरचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का अजून वाचता येत होता. शिंगाच्या मुठीला मात्र कसर लागून तिची पार चाळण झाली होती. पातं मीच साफ केलं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २००० पर्यंत, रोज रात्री तासभर, असा सगळा महिना गेला. मूठ नवीन करायची, पण म्हशीच्या शिंगाचीच करायची, हे मनाशी पक्कं होतं. आजोबांच्या हाताला जी होती तीच.

शिंगाच्या पट्ट्या शोधताना ऑनलाइन एक विक्रेता सापडला. फोनवर गोड बोलायचा, दर वाक्याला दादा. पहिल्यांदा त्याने ‘हस्तिदंती घ्या ना’ म्हणून सुचवलं. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, मी सरळ नाही म्हणालो. त्यावर लगेच म्हणाला, ‘मग संभलचं शिंग देतो. जुना स्टॉक आहे, आता असं मिळत नाही.’ उत्तर प्रदेशातल्या संभलला शिंगाचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे विश्वास बसला. खरं तर हस्तिदंताचं नाव काढणाऱ्या माणसाशी पुढे बोलायलाच नको होतं. जोडीचे १,८०० रुपये आगाऊ पाठवले. बिल मागितलं नाही.

पाकीट उघडलं तर कापराचा वास. देवघरात आरतीनंतर रेंगाळतो ना, तसाच. विचारलं तर म्हणाला, ‘दादा, शिंगाला कसर लागते, म्हणून कापूर घालून ठेवतो.’ माझी जुनी मूठ कसरीनेच खाल्लेली. मला ते इतकं पटलं की पुढे एक प्रश्न विचारला नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. दोन्ही पट्ट्यांवरच्या तपकिरी रेषा हुबेहूब सारख्या होत्या, अगदी एकाच जागी वळलेल्या. एकाच शिंगातून कापल्या तरी दोन पट्ट्या अशा छापल्यासारख्या निघत नाहीत. मी मात्र जोडी छान जुळली म्हणून खूश होतो.

दोन्ही पट्ट्या एकमेकींना तात्पुरत्या चिकटवून कानशीने आकार दिला, १.६ मिलिमीटरचं भोक पाडलं, शेवटाला शिशाची पाचर बसवली, पितळी तार घालून छोट्या हातोडीने दोन्हीकडची डोकी गोल केली. सगळं घासकाम पाणी लावून केलं. कोरडं घासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, कारण खरं शिंग घासताना जळक्या केसांसारखा वास येतो.

अक्षय्य तृतीयेला वस्तरा पुरा झाला. पेटीत ठेवला आणि पेटी कपाटात. गणपतीत पाहुण्यांना दाखवायला काढला तर पितळी वॉशरवर हिरवी बुरशी असावी तसा थर, आणि मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागात पात्यावर गंजाचे ठिपके. धारेजवळचे तीन ठिपके आत खोल गेलेले. माझा एक मित्र रसायनशास्त्र शिकवतो. त्याने मुठीचा नखाएवढा कीस काढून अंगणात चिमट्यात धरून काडी लावली. भप्पकन पेटला. शिंग असं पेटत नाही, करपतं.

ते सेल्युलॉइड होतं. नायट्रोसेल्युलोज (कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून होणारा पदार्थ) आणि कापूर मिळून ते बनतं. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी ते हस्तिदंताला पर्याय म्हणून पुढे आणलं. पुढे कंगवे, बाहुल्या, टेबल टेनिसचे चेंडू त्याचेच होत. जुनं झालं की ते आतून कुजतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. बंद पेटी आणि पावसाळी दमट हवा मिळाली की लोखंडाची खैर नाही. म्हणजे ‘जुना स्टॉक’ हे त्याचं एकच बोलणं खरं होतं, आणि तेच पात्याला भोवलं.

विक्रेत्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण हातात बिल नाही, पत्ता नाही. पैसे आले नाहीत. पैशांचं मी सोडून दिलंय. धारेजवळचे खड्डे दगडावर घासून निघत नाहीत, त्यासाठी पातंच झिजवावं लागेल, आणि ते करायला माझा हात धजत नाही.

आता मूठ शिसवीची आहे, घरातल्या मोडक्या पाटाच्या लाकडातून कापलेली.

कुणी अशा पट्ट्या घेतल्या असतील तर एक कोपरा गरम पाण्यात मिनिटभर धरा, अंगठ्याने चोळा आणि हुंगा. कापराचा वास आला तर सुई तापवून टोचायला जाऊ नका, अख्खी मूठ हातात पेट घेऊ शकते. रिव्हेटचं, म्हणजे त्या पितळी तारेचं, एका बाजूचं डोकं कानशीने घासून काढा, तार मागून हलकेच ठोकून बाहेर घ्या आणि पातं आजच सुटं करा. कोरड्या कापडाने पुसून, तेलाचा हात फिरवून उघड्या हवेत ठेवा, पेटीत नको. काढलेली मूठ घरात ठेवू नका, देवघराजवळ तर मुळीच नको.