संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा घ्यावा की संक्रमणकालीन न्याय?

एलएलएम झाले, नेटचा निकाल हाती आला आणि पीएचडीच्या अर्जातील विषयाचा रकाना भरायची वेळ आली की हा प्रश्न उभा राहतो. गोव्यात कायदा शिकवताना दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी तरी तो माझ्याकडे घेऊन येतात. पहिला विषय म्हणजे वंशसंहार, युद्धगुन्हे अशा गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर आंतरराष्ट्रीय न्यायालयांत चालणाऱ्या खटल्यांचा कायदा; दुसरा म्हणजे जुलमी राजवट किंवा संघर्ष संपल्यावर समाजाने मागच्या अन्यायाला कसे सामोरे जावे याचा अभ्यास. मी दोन्ही विषयांत वर्षे घातली आहेत, पहिल्यात अडीच आणि दुसऱ्यात त्यानंतरची सगळी. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र पहिल्या विषयावर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेईन.

त्या विषयाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. रोम संविधीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या कराराची, कलमे, गुन्ह्यांच्या घटकांचा स्वतंत्र दस्तऐवज आणि सुरक्षा परिषदेने १९९३ व १९९४ साली स्थापन केलेल्या युगोस्लाव्हिया व रवांडा न्यायाधिकरणांचे लांबलचक निकाल एवढी सामग्री समोर असली की संशोधकाला पाय रोवायला जागा मिळते. आपण काय सिद्ध करायला निघालो आहोत हे पहिल्या सहा महिन्यांत सांगता येते, आणि मार्गदर्शकालाही ते पटकन कळते. फौजदारी कायदा शिकून आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला तर इथे आयती सोयच आहे. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढील तादिच खटल्यातील १५ जुलै १९९९ च्या अपील निकालाने 'संयुक्त गुन्हेगारी उपक्रम' (अनेकांनी मिळून आखलेल्या गुन्ह्याची जबाबदारी प्रत्येकावर येणे) ही संकल्पना विस्ताराने मांडली. ती शिकवताना मी आधी जुन्या दंडसंहितेची ३४ आणि १४९ ही कलमे फळ्यावर लिहितो, शेजारी न्याय संहितेतील ३(५) आणि १९० हे आजचे क्रमांक लिहितो आणि मगच हेगमधल्या त्या निकालाकडे वळतो. सामाईक इरादा आणि सामाईक उद्दिष्ट यांतला भेद ज्याने सत्र न्यायालयात एकदा पाहिला आहे, त्याला त्या निकालातील तीन प्रकार तासाभरात उमगतात. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते असे सांगणारा रवांडा न्यायाधिकरणाचा २ सप्टेंबर १९९८ चा अकायेसू निकाल वर्गात वाचताना जी शांतता पसरते, ती मला अन्य कोणत्याही विषयाच्या तासाला अनुभवायला मिळालेली नाही.

एवढे असूनही मी तो विषय सोडला, आणि त्याला एकच गोष्ट कारणीभूत झाली.

माझा प्रबंध साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर होता. तपास अधिकाऱ्यांपुढे दिलेली पहिली जबानी आणि काही वर्षांनी न्यायालयात दिलेली साक्ष यांत तफावत आली, तर न्यायाधीश ती कशी तोलतात, हे मला पाहायचे होते. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या कामकाजाची शब्दशः टिपणे सर्वांना वाचायला खुली आहेत, म्हणून फोंड्याच्या घरात बसूनही हे काम होईल असा माझा हिशेब होता. पावसाळ्यातल्या एका रात्री मी एका संरक्षित साक्षीदाराची उलटतपासणी वाचत होतो. त्याचे नाव नव्हते, त्याच्या जागी एक अक्षर होते. बचाव पक्षाच्या वकिलाने विचारले, की पहिल्या जबानीत तुम्ही त्या रात्री घरात होता असे म्हटले होते, मग आज रस्त्यावर होता असे का सांगता? उत्तर पुढच्या ओळीत असायला हवे होते. तिथे लिहिले होते, 'खासगी सत्र', आणि त्याखाली अमुक पानापासून तमुक पानापर्यंतचा मजकूर वगळल्याची नोंद होती. त्यानंतर खुले सत्र सुरू झाले तेव्हा न्यायाधीश साक्षीदाराचे आभार मानत होते.

असे एकदा झाले असते तर मी पुढे गेलो असतो. पण तफावतीचा प्रश्न निघाला की साक्षीदाराचे गाव, नाते, शेजारी हे सारे उघड होण्याचा धोका असतो, आणि नेमके तेव्हाच दार बंद होते. माझ्या प्रबंधाला जी पाने हवी होती ती त्या बंद दारामागेच होती. निकालपत्राकडे वळलो तर तळटीपेत पानाचा क्रमांक दिलेला असे आणि त्यापुढे 'बंद सत्र' असे शब्द. उत्तर आहे, कोणत्या पानावर आहे हेही ठाऊक आहे, न्यायाधीशांनी त्याच उत्तरावर भिस्त ठेवून एखाद्याला वीस वर्षांची शिक्षा दिली आहे, आणि आपण मात्र त्या निष्कर्षावर भाष्य करायचे ते उत्तर न वाचता. साक्षीदाराचे संरक्षण योग्यच आहे आणि माझ्या प्रबंधासाठी कोणाचा जीव धोक्यात यावा असे मी कधीही म्हणणार नाही. तरीही जे वाचले नाही त्यावर लिहिणे मला जमेना. अडीच वर्षांनी मी विषयबदलाचा अर्ज केला.

आता दुसऱ्या विषयाविषयी लिहितो. संक्रमणकालीन न्यायाची अडचण अगदी उलटी आहे, म्हणजे त्यात सगळेच मावते. खटले, सत्यशोधन आयोग, नुकसानभरपाई, स्मारके, जुन्या राजवटीतील नोकरदारांची छाननी, पाठ्यपुस्तकातला धडा हे सारे एकाच छत्राखाली येते, आणि पहिले वर्षभर आपल्या प्रबंधाला कडा कुठे आहे हेच सापडत नाही. आयोगांच्या अहवालांची एक ठरावीक भाषा असते, ती नकळत आपल्याही लेखणीत उतरते. ज्याला कलम, घटक, पुरावा अशी शिस्त आवडते त्याला हा विषय निसरडा वाटेल, आणि त्याचे फारसे चुकते असे मी म्हणणार नाही. अर्थात न्यायालयीन निर्णय इथेही आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १९९६ साली वर्णभेदी राजवटीच्या काळातील गुन्ह्यांना माफी देण्याची तरतूद वैध ठरवली, तो निर्णय कोणत्याही फौजदारी वकिलाला आठवडाभर गुंतवून ठेवील.

पण इथे माणूस बोलताना ऐकू येतो. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाच्या सुनावण्या एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात सुरू झाल्या. पहिल्याच दिवसांत नोमोंडे कलाता आपल्या पतीच्या, फोर्ट कलातांच्या, १९८५ मधील हत्येविषयी सांगता सांगता हंबरडा फोडून रडल्या आणि सुनावणी थांबवावी लागली. त्यांचे नाव, त्यांच्या पतीचे नाव आणि त्यांनी काय सांगितले ते आपल्याला वाचता येते. त्या आयोगाचेही सारे दप्तर खुले नाही हे नमूद करतो. मात्र जे खुले आहे तेवढ्यावर एक संशोधक आयुष्यभर काम करू शकेल.

मला या विषयाकडे ओढून नेले ते पूर्व तिमोरने. १८४४ पर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असते. इंडोनेशियाचा ताबा १९९९ मध्ये सुटल्यावर तिथे दोन्ही वाटा एकाच वेळी चालल्या, त्यामुळे आपल्या प्रश्नासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. राजधानी दिलीमध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी विशेष न्यायपीठे बसली आणि २००५ पर्यंत चालली, पण ज्यांच्यावर आरोप होते त्यांतले बहुतेक इंडोनेशियातच राहिले. त्याच काळात सत्यशोधन आयोगाने साडेसात हजारांहून अधिक जबान्या घेतल्या. ज्यांनी घरे जाळली किंवा गुरे पळवली होती, अशा तेराशेहून अधिक लोकांना त्यांच्याच गावात, मोठी चटई अंथरून, सर्वांसमक्ष बसवले गेले. केलेले कबूल करायचे आणि गाव सांगेल ते काम करायचे, अशी ती रीत होती. आपल्या गोव्यातल्या मांडाची, म्हणजे गावकरी जमतात त्या जागेची, आठवण आल्याशिवाय मला ते वर्णन वाचता आले नाही. आयोगाच्या अहवालाचे नाव 'शेगा', पोर्तुगीजमध्ये 'पुरे झाले'. तिमोरच्या तेतुम भाषेतल्या मजकुरात मेज, जनेल, इस्कोल हे आपल्या घरातले शब्द किंचित वेगळ्या रूपात भेटत गेले. आजीच्या पिढीकडून कानावर पडलेली पोर्तुगीज मोडकीतोडकी का होईना कामाला आली. हेगच्या निकालांपुढे मी भारतातल्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी एक होतो. इथे गोव्याचा असण्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला.

आणि मग प्रश्न घरापर्यंत येतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर जुन्या पोर्तुगीज राजवटीतील सरकारी नोकरांचे काय झाले? त्यांना सामावून घेतले गेले, आणि त्यासाठी १९६५ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. कारभार चालू ठेवायला ते आवश्यक होते हे मला मान्य आहे. पेडणे तालुक्यातील एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांना मी याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी बराच वेळ पायरीकडे पाहिले आणि म्हणाले, "ज्याने माझ्या तळपायांवर छडी मारली, त्याच्याच खिडकीपुढे मी पुढे दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलो. त्याने मला ओळखले. शिक्का मारला. दोघेही काही बोललो नाही." हा प्रसंग घेऊन मी फौजदारी कायद्याकडे गेलो असतो तर उत्तर एका वाक्यात संपले असते, कारण रोम संविधी १ जुलै २००२ पूर्वीच्या कृत्यांना लागू होत नाही आणि भारत तिचा सदस्यही नाही. पोर्तुगीज पोलिसांतल्या ज्या आजेंत मोंतेरोच्या नावाने गोव्यातील एक पिढी दचकत असे, त्याला पोर्तुगालमधील हुकूमशाही १९७४ साली कोसळल्यानंतर तिथल्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले, ते त्या हुकूमशाहीचे विरोधक जनरल देल्गादो यांच्या १९६५ मधील खुनासाठी. त्या खटल्याचा विषय गोवा नव्हता. खटला झाला नाही तर समाजाने त्या आठवणीचे काय करायचे, हे विचारायला संक्रमणकालीन न्यायात जागा आहे.

फौजदारी कायद्याच्या बाजूने गोव्याकडे काहीच नाही असे मात्र नाही. फादर मोंतेरो (आडनाव तेच, माणूस अगदी वेगळा) यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ताबा आणि सामिलीकरण यांतला फरक जिनिव्हा करारांच्या संदर्भात सांगितला, आणि भारतातील मानवतावादी कायद्याच्या वर्गात हा निर्णय आजही वाचला जातो. देशांतर्गत पोकळीवरही मोठे काम होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराविषयीच्या सज्जन कुमार खटल्यात स्पष्ट म्हटले, की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात आलेले नाहीत. त्यानंतर नवी न्याय संहिता आली, तरीही ती जागा रिकामीच आहे. या विषयावर कोणी मराठीत नेटाने लिहील तर मला मनापासून आनंद होईल.

नोकरीच्या दृष्टीने फरक थोडा आहे. शिष्यवृत्ती दोहोंना सारखीच, आणि प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत फौजदारी कायदा या शब्दांना वजन अधिक, हे मान्य करायला हवे. हेगला जाण्याचे स्वप्न असेल तर दोन गोष्टी आधीच ध्यानात असाव्यात. रवांडा न्यायाधिकरण २०१५ अखेर आणि युगोस्लाव्हियाचे २०१७ अखेर बंद झाले. आणि कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे न्यायाधीश केवळ सदस्य देशांच्या नागरिकांमधून निवडले जातात.

ज्याला निकालपत्रांचे शब्द कीस पाडून वाचायला आवडतात, ज्याचा प्रबंध साक्षीपुराव्यावर नसून गुन्ह्याच्या व्याख्येवर किंवा अधिकारक्षेत्रावर आहे, त्याने पहिला विषय निःशंकपणे घ्यावा. माझी अडचण त्याच्या वाटेत बहुधा येणारच नाही. इतरांना मी अर्ज भरण्यापूर्वी एक काम सांगतो. आपल्या प्रबंधातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण कोणत्या कागदांवर उभे राहणार आहे त्यांची यादी करावी आणि त्यातले दहा कागद आजच उघडून पाहावेत. मी ते केले नव्हते. पेडण्याच्या त्या आजोबांकडे या पंधरवड्यात मी पुन्हा जाणार आहे. मागच्या खेपेचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकायचे आहे, आणि त्या शिपायाचे नाव त्यात राहू द्यायचे की नाही हे ते ऐकल्यावर ठरवणार आहेत.